ब्रश न लागणारे बीकर

जपानमधल्या तोयामा शहरातल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत किनू तातेनो चार वर्षं काचसामान धूत होती, आणि चार वर्षांत तिच्या नावावर एकच बीकर फुटलेला होता. तोही तिनं फोडलेला नव्हता. कुराता नावाचा नवा संशोधक कामाला लागून तीन दिवस झाले होते. त्याच्या कोपराचा धक्का लागला, बीकर फरशीवर आपटला आणि कुराता असा पांढराफटक पडला की किनूला राहवेना. आवाज ऐकून प्रयोगशाळेचे प्रमुख ओगिनो दारात आले तेव्हा तीच पुढे होऊन म्हणाली, "माझ्याच हातून सुटला हो. साबणाचे हात."

ओगिनो पूर्वी विद्यापीठात शिकवत, म्हणून सगळे त्यांना सेन्सेई म्हणत. ते नुसतं फरशीकडे बघून निघून गेले. कुराता मात्र त्या दिवसापासून सकाळी आल्याबरोबर आधी मोरीकडे जाऊन किनूला वाकून नमस्कार करी आणि मगच कोट अंगात घाली. सत्तावीस वर्षांचा शिकलेला माणूस आपल्यापुढे वाकतो याचा तिला संकोच वाटे. चार दिवसांनी सवय झाली, आणि पुढे एखाद्या दिवशी तो विसरला तर चुकल्या-चुकल्यासारखं वाटू लागलं.

किनू एक्कावन्न वर्षांची होती. जन्म सूतगिरणीत गेला. गिरणी बंद पडली तेव्हा या वयाच्या बाईला कोणी दारात उभं करेना. ओगिनोंनी तिला विचारलं होतं, "काय येतं तुम्हाला?" ती म्हणाली, "मळ ओळखता येतो. कुठला पाण्यानं जाईल, कुठला घासून जाईल आणि कुठला जन्मात जाणार नाही, तेवढं कळतं." एवढ्यावर त्यांनी तिला ठेवून घेतलं. नवरा एइकिची पाठीवर वेताची पेटी घेऊन शिन्शूच्या डोंगरातल्या खेड्यांत घरोघरी औषधं ठेवायला आणि आधीच्या फेरीतल्या वापरलेल्यांचे पैसे घ्यायला जाई आणि वर्षातले सात महिने बाहेर असे. तोयामात दर गल्लीत असा एक नवरा सापडतो, त्यामुळे त्याचं तिला काही वाटत नसे. पण रिकामं घर खायला उठे. नोकरीनं तिला त्यातून सोडवलं होतं, आणि त्याबद्दल ती ओगिनो-सेन्सेईंचे मनातल्या मनात रोज आभार मानी.

प्रयोगशाळेत त्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, नखांच्या बुरशीवरच्या औषधाचं काम चाललं होतं. भाताच्या चिखलात उभं राहून ज्यांचा जन्म जातो त्यांच्या पायाची नखं पिवळी पडतात, जाड होतात, भुगा होऊन गळतात. औषध होतं आणि गुणाचंही होतं, पण त्याचं आणि पाण्याचं उभं वैर. पोटात जायचं आणि बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडायचं. म्हणून गोळ्या मोठ्या, दिवसातून अनेकदा, आणि महिनोन्‌महिने. लोक कंटाळून मध्येच सोडून देत.

कुराताचा विचार वेगळा होता. पाण्यात चटकन विरघळणारा, मेणासारखा एक पांढरा पदार्थ घ्यायचा, औषध त्याच्याबरोबर वितळवायचं, सगळं निवून घट्ट झालं की कुटून त्याची पूड करायची. दोन्ही घनच, पण एकात एक असे मुरलेले की पाण्यानं मेण विरघळवलं की औषधाचे बारीक कणही आपोआप सुटे व्हावेत. असं वितळवलेलं मिश्रण झटकन निववावं, हे त्यानं वाचलं होतं. पण जानेवारीत पहिल्याच खेपेला बाकावर रात्रभर सावकाश निवलेली थाळी त्यानं कुटली, पूड कोमट पाण्यात टाकली, तर दहा मिनिटांत जवळजवळ सगळं औषध विरघळलं. मग निववायची वेगळी कटकट कशाला, असं त्यानं आणि ओगिनोंनी ठरवून टाकलं. फेब्रुवारीभर तसंच झालं. ऑक्टोबरात कानाझावाला परिषद होती, तिच्यासाठी निबंधाचं नावसुद्धा पाठवून झालं.

आणि मार्चच्या मध्यापासून सगळं बिघडलं.

तेच औषध, तेच मेण, तेच वजन, तीच थाळी, पण दहा मिनिटांत पाव हिस्साही विरघळेना. कुरातानं मेणाची नवी पिशवी फोडली. तापमापक बदलला. पाणी दोनदा गाळून पाहिलं. एप्रिल गेला, मे गेला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं. डबा उघडायचा, कोंबूच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या, किसात गुंडाळलेला भाताचा गोळा हातात धरायचा आणि तसाच परत ठेवायचा.

"खाऊन घ्या हो," किनू म्हणायची. "उपाशी माणसाला औषधसुद्धा लागू पडत नाही."

"किनूसान, हे औषध जेवलेल्याला तरी कुठे लागू पडतंय!"

जूनच्या पहिल्या आठवड्यात ओगिनोंनी त्याला बोलावलं. मधली भिंत लाकडी फळ्यांची होती, त्यामुळे मोरीशी सगळं ऐकू येत होतं.

"कुराता-कुन, जानेवारीतले आकडे कोणी मोजले?"

"मीच, सेन्सेई."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

मग ओगिनो म्हणाले, "मोजले होते, की मनानं रचले होते?"

कुराता बाहेर आला आणि वही उघडून खिडकीशी उभा राहिला. महिनाअखेरपर्यंत ते आकडे पुन्हा मिळाले नाहीत तर निबंध मागे घ्यायचा, आणि त्यानं गोळ्या बांधायच्या खात्यात जायचं, असं ठरलं होतं. तिकडे एकदा गेलेला माणूस परत प्रयोगशाळेत आलेला कोणी पाहिला नव्हता.

किनू बीकर विसळत होती. तळाशी तांदळाच्या धुवणासारखा साका घट्ट बसला होता आणि ब्रशनं खरवडावा लागत होता. ती सहज म्हणाली, "हल्ली तुमचे बीकर मेले फार छळतात. हिवाळ्यात कसे एका पाण्यात लख्ख व्हायचे. ब्रशसुद्धा लागत नव्हता."

कुरातानं मान वर केली. "काय म्हणालात?"

"हिवाळ्यात हो. तळाशी काहीच उरायचं नाही."

"म्हणजे तुम्ही पाहिलंय!" त्याचा चेहरा असा उजळला की तिला भडभडून आलं. "निदान एक माणूस तरी साक्षीला आहे. ही बघा, शेवटची चांगली थाळी दहा मार्चची. बारा मार्चपासून पुढच्या सगळ्या वाया."

दहा आणि बारा. किनूच्या हातातला ब्रश थांबला.

अकरा मार्च तिच्या पक्कं लक्षात होता. त्या दिवशी डोंगरावरून गरम वारा सुटला होता. एइकिची फेरीला निघाला होता आणि बर्फाचे बूट घालू की साधे, म्हणून दारात अडून बसला होता. संध्याकाळपर्यंत छपरावरचं, अंगणातलं, खिडक्यांच्या कठड्यांवरचं सगळं बर्फ पाणी होऊन वाहून गेलं होतं.

खिडकीच्या कठड्यावरचं बर्फ.

झालं होतं असं. कुराता संध्याकाळी वितळलेल्या मिश्रणाची पोलादी थाळी मोरीशेजारच्या बाकावर निवायला ठेवून आपल्या टेबलाशी लिहीत बसे. तो बाक पुसून साफ केल्याशिवाय किनूला निघता येत नसे, आणि बर्फाच्या दिवसांत तिच्या गावाकडची शेवटची बस साडेपाचला सुटे. अशा तापलेल्या भांड्यांनी पूर्वी दोनदा तिचं फडकं करपलं होतं. म्हणून पहिल्याच थाळीच्या दिवशी तिनं खिडकी उघडली, चिमट्यानं थाळी उचलली आणि बाहेर कठड्यावरच्या बर्फात रोवली, वर झाकण घातलं. चर्र आवाज आला, आतलं मिश्रण टकटक करत क्षणात गोठलं. बाक पुसून झाल्यावर तिनं थाळी परत जागेवर ठेवली आणि बस गाठली. मग रोजचंच झालं. कोणाला सांगावं असं त्यात काही आहे, हे तिच्या मनातही आलं नाही.

पण भिंतीवर ओगिनोंच्या अक्षरात पाटी होती: *सामान असलेल्या भांड्याला धुणाऱ्यांनी हात लावू नये.* ती पाटी तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि दोन महिने तिनं रोज तो नियम मोडला होता.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुरातानं सकाळी वाकून नमस्कार केला तेव्हा तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपल्यामुळे त्याचे आकडे बिघडले की सुधारले, हेही तिला नीट कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की त्याला खोटं ठरवताहेत आणि खरं काय ते आपल्याला ठाऊक आहे.

एइकिची नुकताच फेरीवरून परतला होता. जेवताना तिनं त्याला सगळं सांगितलं. तो चारी ठाव जेवला, मग म्हणाला, "ओइ, तुला हाकलतील असं वाटतंय ना?"

"वाटतंय म्हणजे काय, हाकलतीलच. नियम मोडला मी."

"मग हाकलू देत. घरात काय बीकर कमी आहेत धुवायला? माझी साके-दारूची बाटली आहे, पेला आहे."

"तुम्हाला सगळी थट्टाच."

"थट्टा नाही. त्या ओगिनोनं तुला कामावर घेतलं तेव्हा तू घरी येऊन रडलीस. त्याचं ऋण म्हणून गप्प बसणार? ऋण असलं की उलट बोलावं लागतं, बाई." त्यानं पेला पुढे केला. "शिन्शूत एक म्हातारी आहे माझ्या गिऱ्हाइकांत. पायाच्या अंगठ्याला नख नाही, नुसता भुगा. त्याच गोळ्या दहा महिने खाल्ल्या, मग मला म्हणते, यापेक्षा वाटाणे गिळले असते तर पोट तरी भरलं असतं. तिला काय सांगू? माझ्या बायकोला ठाऊक आहे, पण ती सांगत नाही?"

किनूला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर गेली. कुराता एकटाच होता. तिनं फडकं घडी करून बाजूला ठेवलं, त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बस, फडकं, खिडकी, बर्फ, झाकण. शेवटी कमरेत खाली वाकली आणि तशीच राहिली. "मला माफ करा. तुमची थाळी रात्रभर बाकावर निवलीच नव्हती हो."

तिनं डोळे वर केले तर कुराता खुर्चीत मटकन बसला होता आणि तोंडावर हात धरून हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किनूसान," तो म्हणाला, "तुम्ही… रोज?"

"रोज. रविवार सोडून."

"सावकाश निवलं की औषधाचे कण एकमेकांना शोधत बसतात, मोठाले गट करतात. मग पाणी त्यांना हात लावू शकत नाही. झटकन गोठलं की जिथे असतील तिथे, बारीकचे बारीक अडकून पडतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं! वाचूनसुद्धा बाकावर ठेवलं मी. आणि तुम्ही…" तो उठला. "बर्फ. आता जूनमध्ये बर्फ कुठे मिळेल?"

"मासळी बाजारात," किनू म्हणाली. "पण लवकर चला. नऊ वाजले की कोळणी उरलेलं गटारात ओततात."

दोघं बादली घेऊन निघाली. बाजारात किनूची ओळखीची एक बाई होती. तिनं चुरलेल्या बर्फाची बादली भरून दिली आणि कुराताच्या पांढऱ्या कोटाकडे बघून विचारलं, "हे काय, डॉक्टर मासे तपासायला आलेत का?"

"नखं तपासायला," किनू म्हणाली. त्या बाईला काही उमगलं नाही.

दुपारी कुरातानं एकाच भांड्यातून दोन थाळ्या भरल्या. एक बाकावर ठेवली, दुसरी बर्फात. बर्फातली टकटक करून गोठली तेव्हा किनूनं तो आवाज लगेच ओळखला. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेगवेगळ्या कुटून, एकाच चाळणीतून चाळून झाल्यावर त्यानं ओगिनोंना बोलावलं आणि घड्याळ त्यांच्याच हातात दिलं. दर पाच मिनिटांनी नमुना काढायचा, मोजायचा, लिहायचा. दहा मिनिटांनी बर्फातल्या पुडीचा आकडा जानेवारीतल्या आकड्याला जाऊन भिडला. बाकावरची पूड मेमध्ये होती तिथेच राहिली.

ओगिनोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बर्फावर ठेवायचं कसं सुचलं?"

कुरातानं किनूकडे पाहिलं. ती मोरीला पाठ लावून उभी होती. तिनं पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी दम लागला नाही.

"पाटी वाचता येते ना तुम्हाला?" ओगिनोंनी विचारलं.

"येते, सेन्सेई."

"मग थाळी का उचललीत?"

"बस चुकू नये म्हणून."

कुरातानं खाली पाहिलं. आणि मग ओगिनोंनी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं असं काही केलं. दोघांनाही बाहेर जायला सांगितलं. अर्ध्या तासानं बोलावलं तेव्हा बाकावर सहा बीकर एका ओळीत होते, पाणी ओतून टाकलेले, सगळे सारखेच दुधाळ दिसणारे. काहींत बर्फातली पूड विरघळवली होती, काहींत बाकावरची. कुठल्यात कुठली हे फक्त त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर होतं.

"कुराता-कुनच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला नाही," ते म्हणाले. "आज माझ्या स्वतःच्या आकड्यांवरही ठेवत नाही. तुम्ही सांगा, किनूसान. तुमच्या पद्धतीनं."

चार वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारली ती पहिलीच.

किनूनं बाह्या वर केल्या. पहिला बीकर नळाखाली धरला, मनगटाला एक झोका दिला, पाणी फेकलं आणि तळ उजेडाकडे केला. लख्ख. "बर्फ," ती म्हणाली. दुसऱ्याला झोका दिला तर तळाशी रवा तसाच. बोट फिरवलं, कचकच लागली. "बाक." तिसरा बर्फ. चौथ्याला ती जरा अडखळली, पुन्हा एकदा पाणी घेतलं, वास घेतला, कडेला नख लावलं. "बाकच. पण हा कोणीतरी जास्त वेळ ढवळलाय."

ओगिनोंच्या भुवया वर गेल्या. पाचवा बाक. सहावा बर्फ.

त्यांनी चिठ्ठी काढून बाकावर ठेवली. सहाच्या सहा बरोबर होते. "चौथा मी ढवळत ठेवला आणि चहा प्यायला गेलो होतो," ते पुटपुटले. मग ते आधी कुराताकडे वळले. "तुला खोटारडा म्हटलं नाही, पण तसं समजलो. माझी चूक झाली." आणि मग किनूसमोर वाकले. वरिष्ठ माणूस शिष्टाचारापुरती मान झुकवतो तसे नाही, कमरेतून, सावकाश, आणि तिनं "अहो सेन्सेई, नको हो" असं तीनदा म्हणेपर्यंत तसेच राहिले. किनूचा जीव भांड्यात पडला, आणि पुढची पंधरा मिनिटं ती धुतलेलेच बीकर पुन्हा धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी तशीच होती, फक्त तिच्याखाली नव्या शाईत एक ओळ आली होती: *लावल्यास वहीत नोंद करावी.* आणि मोरीशेजारी खिळ्याला दोरीनं बांधलेली वही आणि पेन्सिल लटकत होती. किनू रोज तीत लिहू लागली. कुठला बीकर एका पाण्यात, कुठला दोन, कुठल्याला ब्रश. तिचं अक्षर गिचमिड होतं, पण कुराता आपल्या आकड्यांच्या आधी तिची वही वाची. बत्तीस वर्षं तिनं कामं केली होती, आणि तुम्हाला काय दिसलं असं तिला कोणी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात कानाझावाच्या परिषदेला ओगिनो तिलाही घेऊन गेले. किनूनं लग्नात नेसायचा राखी किमोनो काढला आणि मागच्या रांगेत बसली. कुराता काय बोलत होता ते तिला ओ की ठो कळलं नाही. पण पडद्यावर दोन रेघा आल्या, एक भराभर वर चढणारी आणि दुसरी खाली लोळणारी, आणि वरची रेघ तिनं लगेच ओळखली. एका वृद्ध गृहस्थानं उठून विचारलं, ही पूड वर्षभर ठेवली तर अशीच राहील का, की दमट हवेत कण पुन्हा गट करतील? कुराता म्हणाला, "ठाऊक नाही. आमच्याकडे अजून चारच महिन्यांची बरणी आहे. दर महिन्याला उघडून पाहतो आहोत." ते उत्तर किनूला फार आवडलं. शेवटी आभार मानताना त्यानं ओगिनोंचं नाव घेतलं आणि मग स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "तातेनो किनू." पुढच्या रांगांतली माणसं कोण म्हणून इकडे-तिकडे पाहू लागली. किनूनं मान खाली घातली आणि किमोनोच्या काठावर अंगठा घासत राहिली.

परतीच्या गाडीत ओगिनोंनी पिशवीतून ट्राउटच्या सुशीचा गोल लाकडी डबा काढला. सकाळीच तोयामाच्या स्टेशनवर घेतला होता. बांबूची पानं उलगडून त्यांनी सुरीनं तुकडे केले आणि पहिला किनूपुढे केला.

तिनं तो हातात घेतला, पण खाईना. "कुराता-सान, एक सांगायचं होतं. तुमचे आभार मानायचे राहिलेत. मी कबूल केलं तेव्हा तुम्ही रागावला असतात तर मी त्याच दिवशी काम सोडलं असतं."

"आभार? तुम्ही माझे? अहो किनूसान, तुम्ही नसतात तर मी आज गोळ्या बांधत बसलो असतो."

"तसं नाही. तुम्ही रोज नमस्कार करायचात. त्यामुळे माझं तोंड उघडलं."

"आणि तुम्ही बस पकडायचात, त्यामुळे माझा निबंध झाला."

"पण मी नियम मोडला होता…"

"म्हणून तर…"

"दोघंही गप्प बसा," ओगिनो म्हणाले आणि डबा दोघांच्या मधोमध सरकवला. "मासा सुकतोय. आधी जेवा."

किनूनं घास तोंडात घातला. बाहेर कापणी झालेली भातशेतं मागे पळत होती, आणि एका बांधावर कोणीतरी चिखलातून काढलेले पाय पाटाच्या पाण्यात सोडून बसलं होतं.